पाऊण भाकरीचा दवाखाना

आमच्या ऑफिसात दोन कपाटं आहेत. एकात अहवाल आहेत, ते कोणी उघडत नाही. दुसऱ्यात सर्व्हेच्या जुन्या वह्या आहेत, त्या मात्र आम्ही सारख्या उघडतो. कारण प्रत्येक वहीच्या मागच्या पानांवर किस्से लिहून ठेवलेत. अहवालात जे बसत नाही ते तिथे जातं. आणि खरं सांगू का, न बसणारंच जास्त निघतं!

आमचं काम नेमकं काय, हे मी सासूबाईंना अजून पटवू शकलेले नाही. एकदा नीट समजावून सांगितलं. "आई, आम्ही गावोगावी जाऊन लोकांना विचारतो. पाणी वेळेवर येतं का, दवाखाना उघडा असतो का, अंगणवाडीत खाऊ मिळतो का. मग ते सगळं मांडून सरकारी ऑफिसांना सांगतो, इथे हे बदला, तिथे ते बदला."

त्या शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "म्हंजी लोकाच्या घरात काय चाल्लंय ते इचारायचं अन् दुसऱ्याच्या घरी जाऊन सांगायचं. आमच्या गल्लीत बाया हे फुकट करून राह्यल्या!"

तर अशी आम्ही पगारी चौकस मंडळी. जालन्यात एका मेडिकलच्या वर दोन खोल्यांचं ऑफिस. आमचे प्रमुख देवकर सर, पूर्वी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. अजूनही बोलताना हातात खडू असल्यासारखी बोटं धरतात. रुकसाना भोकरदनकडची. घरोघरी जाऊन माहिती गोळा करण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. किसनभाऊ जीप चालवतात आणि वेळप्रसंगी आम्हा सगळ्यांना चालवतात. आणि मी वैशाली, तीर्थपुरीची, सरांच्या इंग्रजीचं मराठी आणि गावाच्या मराठीचं इंग्रजी करणारी.

* * *

पहिला किस्सा भाकरीचा, कारण पुढचं बरंचसं तिथून सुरू होतं.

घनसावंगीच्या पुढे एक वाडी आहे. नाव सांगत नाही, नुसतं वाडीच म्हणू. तिथल्या आरोग्य उपकेंद्राबद्दल लोकांना काय वाटतं ते विचारायचं होतं. सरांनी फॉर्म बनवला होता. 'आपण सेवेबाबत अत्यंत समाधानी, समाधानी, मध्यम समाधानी, असमाधानी की अत्यंत असमाधानी आहात?' हे वाक्य एका दमात म्हणायची मी घरी आरशासमोर प्रॅक्टिस केली होती.

समोर होत्या कौसाबाई. वय साठीच्या आसपास. घरी पूर्वी मेंढरं होती, आता दुसऱ्याच्या शेतात रोजाने कापूस वेचतात. डोक्याला फडकं बांधून निघायच्या तयारीत होत्या. माझं वाक्य त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बाई, यातलं तुम्हाला जे सोयीचं पडंल ते लिवा. मला जल्दी जायचंय."

मी पुन्हा म्हटलं. सावकाश म्हटलं. त्या म्हणाल्या, "हां, बराबर हाय."

किसनभाऊ जीपला टेकून ऐकत होते. त्यांना राहवलं नाही. "मावशी, असं समजा, दवाखाना तुमच्या ताटात वाढला. किती वाढला? अख्खी भाकर, पाऊण, अर्धी, चतकोर, का नुसता तवा?"

कौसाबाई थांबल्या. डोक्याचं फडकं सोडलं आणि ओट्यावर बसल्या.

"नुसता तवा. अन् त्यो बी थंड!"

मग त्या दहा मिनिटं बोलल्या. त्यांना बीपी आहे. गोळ्या उपकेंद्रात मिळतात. पण उपकेंद्र उघडं असतं तेव्हा वाडीतल्या सगळ्या बाया रानात असतात. मोकळा दिवस एकच, गुरुवार. शेजारच्या गावचा बाजार असतो, त्या दिवशी मजुरीचं काम बंद. आणि नेमकं गुरुवारीच उपकेंद्राला कुलूप, कारण सिस्टरची तालुक्याला मीटिंग असते!

"माझ्या जावंला असाच लकवा मारला," त्या म्हणाल्या. "गोळ्या सरल्या व्हत्या, आणाया दिवस न्हाई गावला. आता ती बाजंवर पडून हाय अन् मी तिचं करून राह्यले. उद्या माझं कोन करंल?"

मला फार वाईट वाटलं, आणि लाजही वाटली, कारण आमच्या बारा पानी फॉर्ममध्ये वार विचारणारा एकही प्रश्न नव्हता. शेजारी बसलेल्या सरांनी फॉर्मच्या समासात पेनने 'गुरुवार' असं लिहिलं आणि त्याला गोल केला.

निघताना कौसाबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, तुमचं ते समाधान ऱ्हाऊ द्या तिकडं. माझ्या गुरुवारचं तेवढं बघा."

त्या दिवसापासून आमच्या फॉर्मवर भाकरीची पट्टी आली. अख्खी ते तवा. रुकसानाने पाच चित्रं काढली, त्यातला तवा इतका छान जमला की निम्म्या बाया आधी तव्यालाच हात लावायच्या.

* * *

ही पट्टी आम्ही मोठ्या उत्साहाने वर पाठवली. तिथून एक सल्लागार आले. मोठ्या शहरातले, पाठीवर सॅक, हातात पाण्याची स्वतःची बाटली. त्यांनी पाचही चित्रं टेबलावर ओळीने मांडली आणि बराच वेळ बघत बसले.

"कल्पना छान आहे," ते म्हणाले. "पण भाकरीचा आकार प्रमाणित आहे का? म्हणजे भोकरदनची अर्धी आणि घनसावंगीची अर्धी, दोन्ही सारख्याच धरायच्या?"

प्रश्न तसा वावगा नव्हता, म्हणून जास्तच अवघड होता.

चहा घेऊन आलेले किसनभाऊ म्हणाले, "सायेब, भाकरीच्या आकारावर न्हाई ते. खाणाराच्या भुकंवर हाय."

सल्लागारांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. पुढे त्यांच्या एका भाषणात ते जसंच्या तसं आलं, फक्त किसनभाऊंच्या जागी 'आमच्या अभ्यासातून असं दिसतं' असं होतं!

* * *

मुलाखत घेण्याआधी संमती घ्यावी लागते. आमचा नियमच आहे. एक परिच्छेद वाचून दाखवायचा आणि त्याचं शेवटचं वाक्य असं: 'आपण ही मुलाखत केव्हाही थांबवू शकता.' बहुतेक लोक तिकडे लक्ष देत नाहीत. ते म्हणतात, "हो हो, इचारा."

एका गावात निवृत्त गुरुजी भेटले. त्यांनी परिच्छेद दोनदा वाचून घेतला. "केव्हाही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, केव्हाही.

तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी हात वर केला. "थांबवा."

मी थांबले. गुरुजी उठले, शेळीला पाला टाकला, हात धुऊन आले. "आता चालू करा."

सातव्या प्रश्नाला पुन्हा हात वर. या वेळी पान लावलं. अकराव्याला नुसतेच बसून राहिले, काहीच केलं नाही, फक्त आमच्याकडे प्रसन्न चेहऱ्याने बघत होते. वीस मिनिटांच्या मुलाखतीला अडीच तास लागले. पोटात कावळे ओरडत होते.

शेवटी मी न राहवून विचारलं, "गुरुजी, माझं काही चुकलं का?"

"बिलकुल न्हाई," ते म्हणाले. आत स्वयंपाकघराकडे एक नजर टाकून आवाज खाली आणला. "पस्तीस वर्षं शाळंत घंटा झाली की थांबायचं, अन् घरी आमच्या मंडळीनं सांगितलं की थांबायचं. मला थांबवायचा अधिकार हाय असं आज पैल्यांदा कुणीतरी लिवून आणलं!"

मी तो संमतीचा कागद त्यांनाच ठेवायला दिला. त्यांनी तो दरवाजाच्या आतल्या बाजूला चिकटवला.

* * *

भाकरीची पट्टी आमच्या डोक्यात किती भिनली होती याचा पुरावा भोकरदनकडच्या धावड्याला मिळाला.

दिवसभर गटचर्चा झाली होती. एका ताईंनी आम्हाला जेवायला बसवलं. वांग्याची भाजी, कांदा, आणि सरांच्या ताटात अर्धी भाकर. माझ्याही अर्धी. रुकसानाच्याही अर्धी.

सरांचा चेहरा पडला. ते घास घेईनात. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वैशाली, आपण सकाळी उशिरा आलो ना? चर्चाही लांबली. त्यांनी अर्धीच दिली."

मला हसू यायला हवं होतं, पण काय सांगू, मलाही तेच वाटलं होतं! मी मनातल्या मनात आमच्या चुका मोजत होते. चर्चेत बायकांपेक्षा सरपंचच जास्त बोलले होते. रुकसाना हळूच म्हणाली, "चतकोर तर न्हाई ना मिळाली, शुक्र करा."

शेवटी सरांनी धीर केला. चुलीपाशी बसलेल्या ताईंना विचारलं, "ताई, आमच्याकडून काही कमी पडलं असेल तर मोकळेपणी सांगा."

ताई हातावर भाकर थापता थापता वळल्या. "तुमच्याकडून काय कमी पडायचं? एकदम अख्खी वाढली तर गार व्हती, म्हनून अर्धी अर्धी गरम वाढून राह्यले. उरलेली अर्धी तव्यावर हाय. दम धरा की जरा!"

सरांनी त्या दिवशी अडीच भाकरी खाल्ल्या. परतीच्या वाटेवर जालना येईपर्यंत किसनभाऊंनी आम्हाला चिडवणं सोडलं नाही.

* * *

आता लिंबाचा किस्सा. आमच्याकडे लिंब म्हणजे कडुनिंबाचं झाड. हा किस्सा नीट लक्षात ठेवा, नंतर लागेल.

एकदा काम फार होतं म्हणून काही सर्वेक्षक तात्पुरते घेतले. त्यातले एक गृहस्थ फार चपळ निघाले. रोज दुपारी बारालाच चाळीस कुटुंबांची माहिती भरून मोकळे! सरांनी त्यांचं उदाहरण सगळ्यांना दिलं. रुकसाना दिवसाला आठ-नऊच्या पुढे जात नव्हती, तर तिला दोन शब्द ऐकून घ्यावे लागले.

त्या रात्री जेवण सोडून ती त्या गृहस्थांची माहिती तपासत बसली. सकाळी ती आली आणि काही न बोलता टॅबलेट सरांपुढे ठेवला. त्यात प्रत्येक घराची जागा नकाशावर ठिपक्याने दिसते. चाळीस घरांचे चाळीस ठिपके एकावर एक, एकाच जागी!

आम्ही जीप काढून तिथे गेलो. तिथे लिंबाचं मोठं झाड होतं. खाली सावली, सावलीत बाज, आणि बाजेवर आमचे सर्वेक्षक.

"सगळ्यांना इथंच बोलावून घेतलं सर," ते उठत म्हणाले. "लोकांचा येळ वाचावा म्हनून."

"आणि चाळीस कुटुंबप्रमुखांचं वय बेचाळीसच कसं?"

गृहस्थांनी जरा विचार केला. "त्या वर्षी पाऊसपाणी चांगलं झालं असंल सर."

त्यांना निरोप दिला. रुकसानाला सरांनी सगळ्यांसमोर सॉरी म्हटलं, ते मला फार आवडलं. तेव्हापासून ऑफिसात एक शब्द रूढ झाला. उत्तरं जरा जास्तच सारखी दिसली की कोणीतरी म्हणणार, "लिंब बोलला!" आणि ती माहिती बाजूला.

* * *

वाडीला आम्ही दुसऱ्यांदा गेलो ते नकाशा काढायला. आम्ही नाही, गावाच्या बायकांनी काढायचा. देवळापुढच्या मोकळ्या जागेत त्यांनी रांगोळीने वाडी काढली. घरं, हापसा, शाळा, नाल्यावरचा पूल, उपकेंद्र. मग प्रत्येकीला ज्वारीचे दहा दाणे दिले. ज्या गोष्टीची अडचण जास्त, तिथे जास्त दाणे ठेवायचे.

कौसाबाईंनी दहाच्या दहा दाणे उपकेंद्रावर ठेवले. शेजारीण म्हणाली, "अगं, थोडे पान्याला ठेव." त्या म्हणाल्या, "पान्याला तुम्ही हाव की. गुरुवारला मी एकटीच हाय."

हे ऐकून तिघी-चौघींनी आपले दोन-दोन दाणे उचलून उपकेंद्राकडे सरकवले. सर भारावून गेले. "बघा, याला म्हणतात सामूहिक प्राधान्यक्रम!" असं म्हणून ते फोटोसाठी मागे मागे सरकत पार ओट्यावर चढले.

तेवढ्यात एक कोंबडी पिलं घेऊन आली.

सर ओट्यावरून ओरडले, रुकसाना धावली, मी ओढणी हलवली. पण कोंबडीचा कामाचा वेग चांगला होता. तिने आधी शाळेचा प्रश्न खाल्ला, मग हापशाचा अर्ध्याहून जास्त. पिलांनी पूल संपवला. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या, एकीलाही उठून हाकलावंसं वाटलं नाही.

कौसाबाई मात्र उपकेंद्रावर दोन्ही हात पालथे घालून बसल्या होत्या. कोंबडी जवळ आली तशा ओरडल्या, "हाऽड! माझा गुरुवार हाय इथं!"

एवढा एकच ढीग वाचला. आम्ही पुढे चिंचोके वापरायला लागलो.

* * *

जिल्ह्याच्या बैठकीत सरांनी आमचा अभ्यास मांडला. पडद्यावर पंचेचाळीस पानं. जिल्ह्याचे मोठे साहेब तसे भले माणूस होते, पण वीस पानांनंतर कोणाचंही जे होतं तेच त्यांचं झालं. सरांनी ते ओळखलं आणि एकदम शेवटच्या फोटोवर उडी मारली. त्यात रांगोळीचा नकाशा, सगळीकडे कोंबडीच्या पायांचे ठसे आणि मधोमध कौसाबाईंचे दोन हात.

"हे काय?" साहेब सावरून बसले.

सरांनी गुरुवार सांगितला. दोन मिनिटांत सांगून झाला. साहेबांनी शेजारच्या अधिकाऱ्यांना विचारलं, "सिस्टर लोकांची मीटिंग गुरुवारीच का असते?"

अधिकाऱ्यांनी मागे बघितलं. मागच्यांनी आणखी मागे बघितलं. अगदी शेवटच्या खुर्चीवरचे जुने क्लार्क उठले आणि म्हणाले, "पहिल्यापासून गुरुवारीच आहे साहेब."

एवढंच कारण निघालं! मीटिंग शुक्रवारी नेली आणि गुरुवारी उपकेंद्र संध्याकाळपर्यंत उघडं ठेवायचं ठरलं. पण तीन महिने, प्रयोग म्हणून. "तीन महिन्यांनी लोकांना पुन्हा विचारा," साहेब म्हणाले. "उपयोग झाला असेल तर कायम करू. नसेल झाला तर पूर्ववत."

मी वाडीला जाऊन कौसाबाईंना पेढाच द्यायच्या बेतात होते. त्यांनी सगळं ऐकलं.

"तीन म्हैने?"

"हो मावशी. प्रयोग आहे."

"मंग चौथ्या म्हैन्यात माझं बीपी सुट्टीवर जानार का?"

पेढा हातातच राहिला.

* * *

आणि हा शेवटचा. हा कुठल्याच वहीत लिहिलेला नाही.

तीन महिने झाले. रुकसाना वाडीला जाऊन बायकांना विचारून आली. आठ दिवस लागले तिला, घरोघर. सोमवारी सकाळी सरांनी टॅबलेट उघडला आणि त्यांची बोटं हवेतच थांबली.

बासष्ट बायका. उपकेंद्राला किती भाकर? पाऊण. पाऊण. पाऊण. खालपर्यंत पाऊण!

लिंबाचा तो शब्द खोलीत सगळ्यांच्या मनात होता, ओठांवर नव्हता. रुकसानाला तो ऐकू आला.

"अल्लाकसम सर, मी एकेकीच्या दारात गेल्ते," तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "ठिपके बघा तुम्ही. मी काय झाडाखाली बसणारी वाटले?"

ठिपके बरोबर होते. बासष्ट घरं, बासष्ट जागी. सरांचा तिच्यावर विश्वास होता, माझाही होता. पण असा अहवाल वर पाठवला तर तिकडे पहिला प्रश्न हाच येणार, की तुमची माणसं गावात गेली तरी होती का? आणि माहिती रद्द झाली की प्रयोग रद्द. म्हणजे पुन्हा गुरुवारी कुलूप. मला त्या दिवशी चहासुद्धा गेला नाही.

गुरुवारी आम्ही चौघंही वाडीला गेलो. उपकेंद्राबाहेर चपलांचा ढीग. आत बसायला जागा नव्हती, बायका पायऱ्यांवर बसल्या होत्या. बाजाराच्या पिशव्या मांडीवर, हातात गोळ्यांचं कार्ड. आतून सिस्टरचा आवाज येत होता, "मीठ कमी म्हणजे लोणचंही कमी!" मला ते दृश्य बघूनच बरं वाटलं. मी हळूच सरांकडे बघितलं, तर ते चष्मा पुसत होते.

कौसाबाई गोळ्या घेऊन घरी परतल्या होत्या. जावेला भरवून झालं होतं. चूल पेटली होती, परातीत पीठ मळलेलं. आम्हाला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही.

"या. मला वाटलंच तुम्ही येनार."

सरांनी मांडी घातली आणि विषयाला हात घातला. "मावशी, बासष्ट जणींनी एकच उत्तर कसं दिलं? खरं सांगा, कोणी सांगितलं होतं का तुम्हाला?"

"कोन सांगनार? आम्ही बसून ठरवलं."

"कुठे?"

"लिंबाखाली. आनिक कुठं?"

किसनभाऊ दारातच वळून बाहेर गेले. त्यांचं हसणं भिंतीपलीकडून ऐकू येत होतं.

"पण मावशी," सर म्हणाले, "पाऊणच का?"

कौसाबाईंनी पिठाचा गोळा परातीत ठेवला आणि वर्गात मागे बसणाऱ्या पोराला सांगावं तसं सरांना सांगायला लागल्या.

"हे बघा सर. अर्धी सांगितली तर सायेब म्हनतील, उपेग न्हाई झाला, लावा कुलूप. बराबर?"

"बरोबर."

"अन् अख्खी सांगितली, तर सायेब म्हनतील, झालं काम, आता तिकडं कशाला बघायचं. मंग बसायला बाकडं न्हाई, प्यायला पानी न्हाई, ते कुनाला सांगायचं? तुम्ही तरी कशाला येताल? म्हनून पाऊण. पाऊणवर दवाखाना बी उघडा ऱ्हातो अन् मानसं बी येत ऱ्हातात."

सर कॉलेजातल्या जुन्या सवयीने एक बोट वर करून म्हणाले, "ते ठीक आहे. पण अभ्यासात प्रत्येकाने आपापलं खरं उत्तर द्यायचं असतं मावशी."

"सर," कौसाबाई म्हणाल्या, "खरं उत्तर पैल्या दिवशीच देल्तं की मी. समासात लिवलं तुम्ही ते."

पुढचं थोडक्यात सांगते. अहवाल पाऊण भाकरीनेच गेला. सरांनी हट्टाने खाली एक टीप टाकली, 'हे उत्तर गावातील महिलांनी एकत्र बसून, विचारपूर्वक ठरवले आहे.' रुकसानाचे बासष्ट ठिपके सोबत जोडले. महिन्याभराने वरून पत्र आलं: 'गुरुवारची सेवा कायम करण्यात येत आहे. उर्वरित त्रुटींबाबत पुन्हा भेट देऊन कळवावे.'

पण ते पत्र नंतरचं. त्या गुरुवारी आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. सर खाली मान घालून बसले होते. रुकसाना चुलीत काटकी सरकवत होती. कौसाबाईंनी भाकर थापली, तव्यावर टाकली, उलटली, विस्तवाला लावली. टम्म फुगली.

"मावशी," सरांनी अगदी हळू विचारलं, "आपल्या आपल्यात सांगा. पाऊण ती कागदावरची झाली. खरी किती?"

कौसाबाईंनी तव्यापाशी ठेवलेलं ताट ओढलं नाही. भाकर मोडलीही नाही. तशीच अख्खी, वाफ निघणारी, फडक्यात धरून सरांच्या हातावर ठेवली, वर ठेच्याचा गोळा दिला.

सरांचा दुसरा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला.

"अंहं," कौसाबाई म्हणाल्या. "ही लिवायची न्हाई. गरम हाय तवर खा."